सात बोर्ड आणि छत्तीसचा आकडा

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर दीड-दोन वर्षांपासून मी नुसता वाचतोय, लिहितोय आज पहिल्यांदा. मी देवासचा. शिक्षण सगळं हिंदीतून, घरात मराठी बोलतो पण लिहायची सवय नाही, तेव्हा काना-मात्रा सांभाळून घ्या. आणि एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो — तुमच्यातले निम्मे अनुभव वाचून मी हसलोय. पिंपळ, पैंजण, मागून आलेली हाक... मी वाचायचो आणि बायकोला म्हणायचो, "घे, आणखी एकाला रात्रीचं पचलं नाही."

मुळात मी संशयी माणूस. घरात लॅक्टोमीटर आणून ठेवलाय, दूधवाला मला बघून दुरूनच तोंड फिरवतो. कोणी म्हणालं अमकं आपोआप झालं, तर माझा पहिला प्रश्न — केलं कोणी? त्यामुळे मी जे सांगणार आहे त्यात स्मशान नाही, अमावस्या नाही. भरदुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, एका रजिस्टरच्या पानावर झालेली गोष्ट आहे. आणि त्यात वाईट कोणी वागलं असेल तर ते मीच.

देवासच्या इंडस्ट्रियल एरियात पत्र्याच्या शेडमध्ये आमचा छोटासा कारखाना आहे. अकरा माणसं. मालकांना सगळे भिया म्हणतात, मीही. गावोगावच्या पाणीपुरवठ्याच्या मोटरींसाठी आम्ही कंट्रोलर बनवतो. हाताच्या पंजाएवढा एक बोर्ड, पत्र्याच्या डब्यात, मोटरच्या स्टार्टरशेजारी बसतो. टाकी भरली की मोटर बंद, बोअर कोरडी पडली की मोटर बंद, आणि ऑपरेटरच्या मोबाइलवर मेसेज. त्या बोर्डाच्या आतला प्रोग्राम मी लिहितो.

आता थोडं तांत्रिक सांगावं लागेल, पण घाबरू नका. प्रोग्रामला काम करताना तात्पुरती मांडामांड करायला जी मेमरी लागते तिला स्टॅक म्हणतात. स्वयंपाकाचा ओटा समजा. भांडी काढली, काम झालं, उचलून ठेवली. ओटा लहान आणि भांडी फार झाली तर कडेचं भांडं खाली पडणार, आणि खाली जे ठेवलंय त्याचा सत्यानाश. आमच्या बोर्डात ओट्याला लागूनच "मोटर चालू की बंद" ही नोंद असते. म्हणजे सांडलं तर तिथेच सांडणार.

ओटा किती वापरला गेला हे बघायची आमच्या धंद्यातली एक जुनी पद्धत आहे. सुरू करताना पूर्ण ओट्यावर पीठ भुरभुरायचं — म्हणजे एकच ठराविक आकडा सगळीकडे भरून ठेवायचा. मग वीस मिनिटं प्रोग्राम पळवायचा आणि पीठ कुठपर्यंत पुसलं गेलं ते बघायचं. जेवढं शाबूत राहिलं ती शिल्लक. टेस्टिंगच्या टेबलावरचा कॉम्प्युटर हा आकडा आपोआप दाखवतो. आमच्या बोर्डाची शिल्लक चारशे बारा. प्रत्येक बोर्डावर तोच प्रोग्राम, म्हणून प्रत्येक बोर्डावर चारशे बारा. इकडची दुनिया तिकडे झाली तरी चारशे बारा.

हा आकडा रजिस्टरमध्ये लिहायचं काम साधनाबाईंचं.

साधनाबाई चाळिशीच्या आसपासच्या. त्यांचे पूर्वज म्हणे दरबाराबरोबर इकडे आले, तेव्हापासून देवासचेच. त्यांची मराठी माझ्यापेक्षा चटपटीत, अर्धी मालवी मिसळलेली. तीन वर्षं कच्च्यावर होत्या आमच्याकडे. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हापासून घर त्यांच्याच पगारावर. येत्या एप्रिलपासून त्यांना पक्कं करायचं भियांनी कबूल केलं होतं. पत्रसुद्धा टाइप करून ऑफिसच्या कपाटात ठेवलेलं होतं, सहीच तेवढी बाकी. त्या रोज येता-जाता ऑफिसच्या त्या कपाटाकडे बघायच्या, हे मी स्वतः पाहिलंय.

रजिस्टरचा नियम मीच केलेला — व्हाइटनर लावायचं नाही. आकडा चुकला तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि रेघ मारणाऱ्याने बाजूला सही करायची.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यातली गोष्ट. साठ बोर्डांची ऑर्डर होती, सगळे धार जिल्ह्यात जाणार होते, नालछा आणि तिरला बाजूच्या गावांना. दुपारी चहाच्या वेळी मी सहज रजिस्टर चाळलं. चारशे बारा, चारशे बारा, चारशे बारा... छत्तीस.

मी थांबलो. खाली आणखी एक छत्तीस. मध्ये चार-पाच बरोबर, पुन्हा छत्तीस. असे एकूण सात.

"साधनाबाई, हे काय?"

"काय सर?"

"हे छत्तीस कुठून आणलं?"

"स्क्रीनवर आलं ते लिहिलं."

"स्क्रीनवर छत्तीस येऊच शकत नाही."

"आलं ना पण. मी दोनदा बघितलं. पाठीमागून तुम्हाला आवाज पण दिला होता, तुम्ही फोनवर होते."

माझं डोकं सटकलं. ते सातही बोर्ड मी काढले, एकेक करून टेबलावर लावले, त्यांच्यासमोर. सातही वेळा चारशे बारा. प्रत्येक वेळी मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. आता आठवतं तर लाज वाटते, पण सातव्या वेळी मी टाळीसुद्धा वाजवली.

"मग आता बरोबर येतंय," त्या म्हणाल्या. "तेव्हा छत्तीस होतं."

"बाई, हा आकडा म्हणजे काही टमाट्यांचा भाव आहे का, सकाळी एक न् दुपारी एक? लक्ष कुठे असतं तुमचं? काटा सगळे. सही करा आणि बरोबर लिहा."

त्यांनी सात ठिकाणी रेघ मारली. सात ठिकाणी स्वतःची सही केली.  रेघासुद्धा पट्टी लावून मारल्या.

मी काय केलं माहितेय? त्या पानाचा फोटो काढून कॉलेजच्या मित्रांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं — "आमच्या टेस्टिंगवाल्या बाईंनी नवीन गणित शोधलंय. सात बोर्ड, सात छत्तीस. सगळे कटवा दिए 😂". पुण्यातला एक मित्र लगेच म्हणाला, "छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले, आता लग्न लावून टाक." हसलो सगळे. विषय संपला.

बोर्ड फेब्रुवारीत गेले, गावोगाव बसले, मस्त चालू झाले.

मार्चच्या सुरुवातीला मी कंपाइलर बदलला. कंपाइलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम चिपला समजेल अशा भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर. जगभरातले लोक मिळून बनवतात, फुकट मिळतं, त्याचं नाव इथे घेत नाही. नवीन व्हर्जन आलं होतं आणि मेसेज पाठवायची एक नवी सोय त्याच्याशिवाय चालत नव्हती. मी ते घेतलं, माझ्या स्वतःच्या कोडमधली एकही ओळ बदलली नाही, पुन्हा फाइल बनवली आणि मार्चअखेर साठही बोर्डांवर इथूनच मोबाइल नेटवर्कवरून चढवून दिली. शिल्लक पुन्हा मोजली का? नाही. कोड तोच, मग मोजायचं काय! हा आमच्या जातीच्या लोकांचा मूर्खपणा आहे. आपण लिहिलेली ओळ आपण दहा वेळा तपासू, पण ज्याच्या तोंडून ती चिपपर्यंत जाते त्याच्यावर डोळे मिटून विश्वास.

एप्रिलमध्ये फोन सुरू झाले. पहिला नालछ्याजवळच्या एका गावातून, पंप ऑपरेटर देवीलालचा. "साब, मोटर बंद ही नी हो री. टंकी से सुबे से पानी झर रिया हे." दोन दिवसांनी तिरल्याकडून — तिथे तर बोअर कोरडी पडली तरी मोटर फिरतच राहिली आणि जळाली. ऐन उन्हाळा! बायका हंडे घेऊन सरपंचाच्या दारात. आठ दिवसांत सात गावं. सातही ठिकाणी बोर्ड गोठलेला, मोटर चालू-बंद करणारा रिले चिकटलेला, दिवा जसाच्या तसा.

भियांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "कोड में कुछ बदला क्या?"

"एक लाइन नहीं बदली, भिया," मी छाती ठोकून सांगितलं.

"बाकी त्रेपन बराबर चल रहे हैं. सात ही क्यों?" त्यांनी सात बोर्डांचे नंबर कागदावर लिहिले आणि टेस्टिंगचं रजिस्टर मागवलं. बोट ठेवत गेले. पहिला नंबर — समोर रेघ आणि साधनाबाईंची सही. दुसरा — रेघ आणि सही. तिसरा...

सातही. बरोबर तेच सात. आठवा नाही, सहा नाहीत.

भियांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "देख लो. खुद लिखा, खुद काटा. बोर्ड खराब थे, मैडम ने पास कर दिए. अपन इसको पक्का करने जा रहे थे?"

मी त्या क्षणी बोलायला हवं होतं की भिया, रेघ मी मारायला लावली. तोंड उघडलंच नाही. खरं सांगतो, भीती वाटली हे एक कारण होतं. दुसरं कारण आणखी वाईट — मला स्वतःलाच संशय आला होता. वाटलं, या बाईला तेव्हाच काहीतरी माहीत होतं. या सात बोर्डांचं हिने काहीतरी केलंय... दुपारी जेवणाच्या सुट्टीत ही एकटीच तर असते टेबलावर.

भिया म्हणाले, सोमवारी निकाल लावू. तो गुरुवार होता.

शुक्रवारी सकाळी मी गाडी काढली, इंदूर ओलांडून धार, तिथून मांडूच्या रस्त्याला नालछा. देवीलाल पंपहाउसच्या दारातच उभा होता. डबा उघडला. कोणी हात लावल्याची काही खूण नव्हती, आमचं सील शाबूत होतं. मी लॅपटॉप जोडून गोठलेल्या बोर्डाची मेमरी उतरवून घेतली, जशी होती तशी.

पिठाचा कणसुद्धा शिल्लक नव्हता. ओटा पूर्ण भरून वाहिला होता, आणि बाजूची "मोटर चालू की बंद" ची नोंद पुसून तिथे भलतंच काही पडलं होतं. कोणी छेडछाड केली तर असं होत नाही. हे प्रोग्रामच्या पोटातलं दुखणं होतं, म्हणजे माझ्या खात्यातलं. मी तिथेच पायरीवर बसलो. देवीलाल म्हणाला, "पानी पियोगे साब?" मी म्हणालो, "हो."

संध्याकाळ व्हायच्या आत देवासला परतलो. शेडमध्ये कोणी घरी जायला निघालं होतं, कोणी हात धूत होतं. एक कोरा बोर्ड घेतला, जुन्या कंपाइलरने बनवलेली फाइल चढवली, वीस मिनिटं थांबलो. चारशे बारा. मग नव्या कंपाइलरने बनवलेली फाइल चढवली — कोड तोच, अक्षरन् अक्षर तोच. पुन्हा वीस मिनिटं.

छत्तीस.

मी खुर्ची ओढली आणि दोन्ही फाइली शेजारी-शेजारी उघडल्या. 

कारण तासाभरात सापडलं. जुना कंपाइलर हुशार गृहिणीसारखा होता — एक भांडं उचललं की त्याच जागी दुसरं ठेवायचा. नव्या व्हर्जनमध्ये काहीतरी बिघडलं होतं, प्रत्येक भांड्याला तो वेगळी जागा देत होता. तीनशे शहात्तर बाइट उगाच अडले. टेबलावर छत्तीसवर निभावलं, पण गावात मोटरची तपासणी चालू असताना त्याच क्षणी नेटवर्कवरून काही आलं की ओटा भरून वाहायचा. मी छोटासा नमुना बनवून कंपाइलरवाल्यांना पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं — हो, चूक आमचीच, पुढच्या व्हर्जनमध्ये दुरुस्त करतोय. म्हणजे बोर्ड का गोठले याचं उत्तर मिळालं. त्यात भूतबीत काही नाही.

पण छत्तीस?

फोन काढून ग्रुपवरचा तो जुना फोटो शोधला. रेघेखाली स्पष्ट वाचता येत होतं — ३६, ३६, ३६... मग कंपाइलरच्या साइटवर गेलो. ते नवं व्हर्जन फोटोनंतर एकोणीस दिवसांनी बाहेर पडलं होतं. साधनाबाईंनी तो आकडा लिहिला तेव्हा तो आकडा दाखवू शकेल असा कंपाइलर मला कुठूनही मिळाला नसता!

तुम्ही म्हणाल, अंदाजाने लिहिला असेल. चारशे बाराच्या जागी अंदाजाने कोणी नेमकं छत्तीस लिहितं? सातदा? टेस्टिंगच्या कॉम्प्युटरवर कंपाइलर नाहीच, इंटरनेटही नाही, मी पेनड्राइव्हने देतो ती तयार फाइलच तिथे चालते. फोटोची वेळ बदलली म्हणाल, तर तो सहा मित्रांच्या फोनमध्ये आहे, त्यांच्या विनोदांसकट. छत्तीस गुणांवालासुद्धा. आणि सात गावं? वाटलं नेटवर्क कमजोर असेल तिथे. तपासलं. त्यातली दोन गावं तर टॉवरच्या अगदी खाली आहेत. कोणता बोर्ड कोणत्या गावाला जाईल हे जानेवारीत कोणालाच माहीत नव्हतं, फेब्रुवारीत ढिगातून हाताला येईल तसे उचलून पाठवले होते. साठही बोर्डांत तोच बिघडलेला प्रोग्राम, तीच शिल्लक. त्रेपन्न चालत राहिले, आणि गोठले ते नेमके तेच.

शनिवारी सकाळी मी साधनाबाईंना टेबलापाशी गाठलं. मला छत्तीस दिसल्याची गोष्ट तोवर शेडभर झाली होती. धीराने विचारायचं ठरवलं होतं, पण माझा स्वभाव... मी पोलिसासारखा सुरू झालो.

"खरं सांगा. जानेवारीत तुम्हाला कोणी काही सांगितलं होतं? कोणी नवा कंपाइलर, फाइल काही दिलं होतं? पेनड्राइव्ह?"

"कसला पेनड्राइव्ह?"

"मग छत्तीस कुठून आलं?"

त्यांनी हातातला बोर्ड खाली ठेवला. "सर, तेव्हा मी म्हटलं स्क्रीनवर आलं, तुम्ही मानलं नाही. आता तोच आकडा तुम्हाला दिसला तरी चोर मीच? मला काय माहीत कंपाइलर कशाला म्हणतात. मला सांगितलंय, दिसेल ते लिही. दिसलं, लिहिलं. तुम्ही म्हणाले काट, काटलं. आता भिया म्हणतात काटलं का. मी करू तरी काय? सांगून टाका, मी तेच करते."

आवाज चढलेला नव्हता. डोळे भरले होते आणि त्या ते पुसतही नव्हत्या.  मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्या दुपारी घरी आईला सांगितलं. आईला आम्ही वहिनी म्हणतो, जुनी एकत्र कुटुंबातली सवय, काका-आत्या म्हणायचे ते आमच्याही तोंडी बसलं. वहिनी भाजी निवडत होती. मी कंपाइलर, स्टॅक, एकोणीस दिवस, सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, "वहिनी, मला आधी हे शोधू दे की तिला कळलं कसं. त्याशिवाय भियांकडे काय तोंड घेऊन जाऊ?"

"ते तुला कळो न कळो," ती म्हणाली, "रेघ कोणी मारायला लावली ते तर तुला कळलंय ना?"

"हो."

"मग तेवढं सांगून ये."

सोमवारी सकाळी दहाला मी भियांसमोर फोन ठेवला. तो फोटो, खालचं माझं वाक्य, ते हसणारं तोंड, मित्रांची उत्तरं. सगळं हिंदीत वाचून दाखवलं, कटवा दिए सकट. कंपाइलर मी बदलला, शिल्लक मी मोजली नाही, एक लाइन नहीं बदली म्हणून छाती मी ठोकली, हेही सांगितलं. जुन्या कंपाइलरने बनवलेली फाइल साठही बोर्डांवर परत चढवून झाली होती, तेही सांगितलं.

भियांनी फोटो बोटांनी मोठा करून बघितला. मला वाटलं आता माझ्यावर फुटणार. त्यांनी भलतंच विचारलं.

"ये नंबर... इसको पहले से कैसे दिखा?"

"पता नहीं, भिया."

"तुम इंजीनियर हो."

"इसीलिए तो बोल रहा हूँ. पता नहीं."

त्यांनी एकदा काचेतून बाहेर साधनाबाईंच्या टेबलाकडे बघितलं. मग कपाटातून ते पत्र काढलं आणि सही केली. सही करताना हात जरा घाईचा होता. ते रजिस्टर मात्र त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि मला म्हणाले, नवीन आण.

पत्र मीच नेऊन दिलं. साधनाबाईंनी दोनदा वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. थँक्यू वगैरे काही नाही. मी माफी मागितली, बरीच अडखळत. त्या ऐकून घेत होत्या.

"फोटो ग्रुपवर टाकला होता ना तुम्ही?" त्यांनी विचारलं. भियांच्या केबिनची भिंत पातळ आहे.

"हो."

"हसले लोक?"

"...हसले."

"मग तिथे पण सांगा."

त्याच दिवशी सांगितलं. ग्रुपवर दोघांनी थम्स-अप टाकला, पुण्याचा मित्र म्हणाला, काहीतरी लॉजिकल असणारच, नीट शोध. मी शोधतोय अजून. टेस्टिंगचा कॉम्प्युटर उघडून झाला, वायरी बदलून झाल्या, जानेवारीतली फाइल बाइटन् बाइट तपासून झाली. तिच्यातून चारशे बाराशिवाय दुसरा आकडा निघतच नाही. साधनाताईंवरचा संशयसुद्धा मी मनाच्या कोपऱ्यात बरेच दिवस सांभाळून ठेवला होता, खोटं नाही सांगत. आता कोणावर घ्यायचा तेच कळत नाही.

इथे लिहायचं कारण मागच्या मंगळवारचं आहे.

पंचवीस बोर्डांची नवीन ऑर्डर. कंपाइलर तोच जुना, प्रोग्राम तोच. दुपारी साधनाताई रजिस्टर घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. पान समोर धरलं. चारशे बारा, चारशे बारा, चारशे बारा, आणि अकराव्या बोर्डासमोर — शून्य.

मी उठलो. तो बोर्ड लावला. चारशे बारा. पुन्हा लावला. चारशे बारा. तिसऱ्यांदा वीस मिनिटं आम्ही दोघं स्क्रीनसमोर उभे होतो. चारशे बारा.

त्यांनी पट्टी आणि पेन हातात घेतलं होतं.

"काटू का, सर?"

"नको, ताई," मी म्हटलं. त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि शून्याच्या बाजूला मी सही केली.

ऑर्डर चोवीस बोर्डांची गेली. भियांनी विचारलं एक कमी का, मी रजिस्टर दाखवलं, त्यांनी पुढे काही विचारलं नाही. तो अकरावा बोर्ड माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, सगळ्या वायरी काढून, फडक्यात गुंडाळून. का, ते मला माहीत नाही. कोणाला सुचलं तर जरूर लिहा, मी हसणार नाही.

कंपाइलरचं आणखी नवीन व्हर्जन शुक्रवारी आलंय, जुनी चूक दुरुस्त केलेलं. सगळे म्हणतात घे. साधनाताई रोज सकाळी पर्स ठेवता ठेवता विचारतात, "सर, घातलं तर नाही ना?"

नाही घातलं.